फुकटचा राखणदार कोणाच्या पगारावर?



आपल्या बहुतेक घरांत अजूनही माणशी एक चांगला मोबाईल नाही. एक बऱ्यापैकी फोन असतो आणि तो सगळ्या घराचा असतो. सकाळी वडील त्यावर कामाच्या पाळीचा निरोप पाहतात. दुपारी आई बचत गटाचे पैसे पाठवते. संध्याकाळी मुलगी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कुठवर आला ते बघते आणि रात्री धाकटा त्याच फोनवर खेळ खेळतो. आजीच्या पेन्शनचा मेसेजही त्याच नंबरावर येतो. म्हणजे घराचे कपाट, पत्रपेटी, पासबुक आणि मुलांचे खेळणे हे सगळे एकाच ठिकाणी आले आहे. एकाने त्यात काही भलतेसलते घातले तर ते साऱ्या घराला बाधते.

अलीकडे या फोनमध्ये एक नवा पाहुणा येऊन बसलेला दिसतो. त्याचे नाव व्हीपीएन. जाहिरात सांगते की एक बटण दाबा आणि इंटरनेटवर सुरक्षित व्हा. वर पुन्हा फुकट! धाकट्याने तो फोनमध्ये कधी घातला हे घरात कोणाला ठाऊकही नसते. फोनच्या वरच्या पट्टीवर किल्लीचे लहानसे चित्र दिसते, एवढेच. हा राखणदार खरोखर राखण करतो का, कोणापासून करतो, आणि फुकट करत असेल तर त्याचे पोट कोण भरतो, या तीन प्रश्नांचा आज विचार करू.

व्हीपीएन म्हणजे काय?

पूर्ण नाव व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. आपण टपालाचे उदाहरण घेऊ.

पूर्वी आपण पोस्टकार्ड टाकायचो. त्यावरचा मजकूर वाटेत कोणीही वाचू शके. इंटरनेटही सुरुवातीला पुष्कळसे असेच होते. नंतर बँका आणि मोठ्या संस्थांनी आपली पत्रे बंद पाकिटात घालायला सुरुवात केली, आणि आज बहुतेक वेबसाइटी तसेच करतात. त्यामुळे आपण बँकेच्या खऱ्या ॲपवर पासवर्ड टाकतो तेव्हा तो वाटेत कोणालाही सहज वाचता येत नाही. परंतु पाकिटावरचा पत्ता दिसतोच. आपण कोणत्या बँकेकडे, कोणत्या दवाखान्याच्या किंवा कोणत्या बातमीपत्राच्या वेबसाइटीकडे गेलो, हे आपल्याला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळू शकते. रेल्वे स्टेशनवर, चहाच्या हॉटेलात किंवा वसतिगृहात फुकटचे वायफाय वापरले तर ते चालवणाऱ्यालाही कळू शकते.

व्हीपीएन काय करतो? तो आपले पाकीट आणखी एका मोठ्या पाकिटात घालतो आणि त्यावर फक्त व्हीपीएन कंपनीचा पत्ता लिहितो. वाटेतल्या माणसाला तेवढाच पत्ता दिसतो. व्हीपीएन कंपनी बाहेरचे पाकीट फोडते आणि आतले पाकीट आपल्या नावाने पुढे पाठवते. पलीकडच्या वेबसाइटीला वाटते की पत्र त्या कंपनीकडूनच आले. आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक, अशा रीतीने झाकला जातो.

आता नीट पाहा. पूर्वी पत्ते मोबाईल कंपनीला दिसत होते. आता ते व्हीपीएन कंपनीला दिसू लागले. पाहणारा डोळा गेला नाही, फक्त बदलला. म्हणून खरा प्रश्न एवढाच उरतो की हा नवा डोळा कोणाचा आहे?

तो कशापासून वाचवत नाही

आपल्या वस्त्यांत पैसे कसे जातात ते आठवा. बँकेतून बोलतो असे सांगून कोणी केवायसीसाठी ओटीपी मागतो. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एक फाईल येते. ती एपीके असते, म्हणजे एक आख्खे ॲपच असते. ती उघडून बसवली की आपले मेसेज चोराला दिसू लागतात. कोणी मदतीच्या नावाखाली स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला लावतो. कोणी पैसे पाठवतो म्हणून यूपीआयचा पिन मागतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कोणी पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओवर येतो आणि तुम्हाला डिजिटल अटक झाली असे धमकावतो. अशी अटक आपल्या कोणत्याही कायद्यात नाही.

या फसवणुकींपैकी एकीलाही व्हीपीएन रोखू शकत नाही. कारण इथे चोर वाटेत दबा धरून बसलेला नाही. तो दारात येऊन बोलतो आणि आपण स्वतःच्या हाताने दार उघडतो. पाकीट कितीही जाड असले तरी आत ओटीपी लिहून ते चोराच्याच पत्त्यावर पाठवले, तर त्या जाड पाकिटाचा काय उपयोग?

उलट व्हीपीएनच्या भरवशावर माणूस गाफील राहतो. किल्लीचे चित्र दिसते म्हणून आलेल्या लिंकवर बिनदिक्कत बोट ठेवतो. हा खोटा धीर व्हीपीएन नसण्यापेक्षा अधिक घातक आहे.

फुकटाची किंमत

आता पोटाचा प्रश्न. व्हीपीएन चालवायला देशोदेशी मोठे संगणक लागतात, वीज लागते, माणसे लागतात. हा सगळा खर्च करून कोणी अनोळखी आपली राखण फुकट का करील? या प्रश्नाची उत्तरे गेल्या दहा-बारा वर्षांत पुराव्यानिशी पुढे आली आहेत.

२०१६ साली ऑस्ट्रेलियाची सरकारी संशोधन संस्था सीएसआयआरओ आणि काही विद्यापीठांतील संशोधकांनी अँड्रॉइड फोनवरची २८३ व्हीपीएन ॲप्स तपासली. त्यांतील ३८ टक्के ॲप्समध्ये घातक सॉफ्टवेअरची चिन्हे आढळली. १८ टक्के ॲप्स तर मजकूर पाकिटात घालतच नव्हती. म्हणजे नाव राखणदाराचे आणि हातात काठीसुद्धा नाही! ७५ टक्के ॲप्समध्ये वापरणाऱ्याचा माग काढणारी परकी साधने बसवलेली होती.

दुसरे उदाहरण मोठ्या घरचे आहे. फेसबुकने २०१३ साली ओनावो नावाची इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे ओनावो प्रोटेक्ट हे व्हीपीएन फुकट मिळत होते आणि ते आपल्या माहितीचे रक्षण करील असे सांगितले जात होते. प्रत्यक्षात लोक कोणती ॲप्स किती वेळ वापरतात याची माहिती त्यातून फेसबुककडे जात होती आणि कंपनीच्या धंद्यासाठी वापरली जात होती. २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून निघाले आणि २०१९ मध्ये बंद झाले. २०२३ च्या जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने या प्रकरणी फेसबुकच्या मालक कंपनीच्या दोन शाखांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

तिसरे उदाहरण सर्वांत गंभीर आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने इतर देशांच्या मदतीने ९११ एस५ नावाचे जाळे मोडून काढले. मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन, शाइन व्हीपीएन अशा नावांचे फुकट व्हीपीएन लोकांनी आपल्या संगणकावर घेतले होते. त्यांच्या आडून त्या संगणकांत एक चोरदरवाजा बसवला जाई. मग गुन्हेगार पैसे भरून त्या घरांची इंटरनेट जोडणी वापरत आणि तिथून आर्थिक फसवणूक करत, धमक्या देत. जवळजवळ २०० देशांतील १ कोटी ९० लाख आयपी पत्ते असे वापरले गेले.

याचा अर्थ काय होतो तो गरीब घराने नीट समजून घ्यावा. गुन्हा दुसऱ्याने केला, पण पत्ता आपल्या घराचा निघाला. पोलीस तपास करतात तेव्हा आयपी पत्त्यावरूनच पहिल्यांदा दारापर्यंत येतात. पुढे आपण निर्दोष ठरूही. पण दरम्यान फोन जप्त होतो, कामाचे खाडे होतात, वकिलाची फी भरावी लागते आणि शेजारी कुजबुजतात ती वेगळीच. ज्याच्याकडे पैसा आहे तो हे निस्तरतो. रोजंदारीवरच्या माणसाला ते महिनोन्महिने पुरते. म्हणून फुकटच्या व्हीपीएनचा धोका आपल्याला इतरांहून जास्त आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सगळेच फुकट व्हीपीएन चोर आहेत असेही नाही. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनसारखी एखादी कंपनी पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या जिवावर एक साधी फुकट सेवाही चालवते. तिथे खर्च कोण भरतो ते उघड दिसते. जिथे ते दिसत नाही, तिथे खर्च आपल्याच खिशातून वसूल होत आहे असे समजावे.

कायदा काय म्हणतो?

भारतात व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही. मात्र २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते, फोन नंबर आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते किमान पाच वर्षे जपून ठेवावेत. हे मान्य नसल्यामुळे एक्सप्रेस व्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड अशा काही परदेशी कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातील आपले संगणक काढून घेतले. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत २०२५ साली जिल्हाधिकाऱ्यांनी व्हीपीएनवर तात्पुरती बंदीही घातली होती. तेव्हा नोकरीसाठी किंवा फिरायला दुसरीकडे जाणाऱ्याने तिथला आदेश विचारून घ्यावा.

आपली मुले आखातात कामाला जातात. त्यांनी विशेष सावध राहावे. दुबई-अबुधाबीच्या संयुक्त अरब अमिरातीत घरी फुकट बोलता यावे म्हणून पुष्कळ कामगार व्हीपीएन टाकतात. तिथल्या कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता झाकला तर कैद आणि ५ लाख ते २० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. तिथल्या कंपन्या आणि बँका आपल्या कामासाठी व्हीपीएन वापरतात, ती गोष्ट निराळी. आई-बायकोशी बोलायला तिथे परवानगी असलेली ॲप्स आहेत, तीच वापरावीत. चार पैसे वाचवायला जाऊन वर्षांची कमाई पणाला लावू नये.

घरातल्या पोरांबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पैसे लावून खेळायचे खेळ आणि सट्टा यांच्या बंद केलेल्या वेबसाइटी उघडण्यासाठी व्हीपीएन वापरला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. फोनमध्ये व्हीपीएन सापडला तर लगेच मुलावर हात उगारू नका. त्याला जवळ बसवून विचारा, हे कशासाठी घातलेस? मित्राने सांगितले म्हणून घातले असेल तर काढून टाका. पण तो पैशांच्या खेळात गुंतला असेल, तर फोन काढून घेतल्याने प्रश्न सुटत नाही. कर्ज किती झाले, कोणाचे झाले, हे त्याने निर्भयपणे सांगावे असे वातावरण घरात हवे. लपवलेले कर्ज पोराला एकट्याला गिळते. सांगितलेल्या कर्जावर दहा माणसे मिळून मार्ग काढू शकतात.

लपवणे म्हणजे वाईटच का?

काही वडीलधारे म्हणतात, ज्याच्या मनात काळे नाही त्याला लपवायचे काय? हे म्हणणे आम्हाला पटत नाही. मुलीने एखाद्या आजाराची माहिती शोधली, बाईने नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध कायदा वाचला, कामगाराने युनियनची चौकशी केली, तर त्यात काळे काय आहे? तरीही हे चव्हाट्यावर यावे असे कोणालाच वाटणार नाही. घराला दार असते ते काही चोरीचा माल ठेवण्यासाठी नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यात माणसाची, त्याच्या घराची आणि कागदपत्रांची विनाकारण झडती घेतली जाऊ नये, हा हक्क त्यांनी मूलभूत हक्कांत मांडला होता. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या वस्तीत, झोपडीत कोणीही कधीही शिरत असे, त्या माणसांना या हक्काचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पण हा हक्क जाहिरात पाहून कोणा अनोळखी कंपनीच्या हाती सोपवायचा नसतो.

मग करायचे काय?

आज रात्री जेवणानंतर घरातला फोन हाती घ्या. मुलांनाही सोबत बसवा, कारण त्यांची बोटे आपल्यापेक्षा सराईत असतात. सेटिंगमध्ये वर शोधाची चौकट असते, तिथे व्ही-पी-एन ही तीन इंग्रजी अक्षरे टाका. फोनमध्ये बसलेल्या व्हीपीएनची यादी दिसेल. ज्याचे नाव कोणी ओळखत नाही आणि कोणी मुद्दाम घातलेले नाही, ते यादीतून काढा आणि त्याचे ॲपही काढून टाका. एक मात्र विचारून घ्या. घरातील कोणी कंपनीचे काम घरून करत असेल, तर ते व्हीपीएन ऑफिसने दिलेले असू शकते. ते काढू नये आणि त्यावर आपली खासगी कामेही करू नयेत, कारण ती ऑफिसला दिसू शकतात.

यापुढे कोणतेही व्हीपीएन सुरू करताना फोन परवानगी विचारतो आणि या ॲपला तुमची इंटरनेटवरची ये-जा पाहता येईल, असा इशाराही देतो. आपण तो न वाचताच होकार देतो. तो वाचावा. व्हीपीएनने संपर्कांची यादी, मेसेज किंवा फोटो मागितले तर तिथेच थांबावे. पाकीट पोचवणाऱ्याला आपल्या कपाटाची चावी कशाला हवी?

बँकेचे व्यवहार करायला व्हीपीएनची गरज नाही. तो चालू असला की काही बँकांची ॲप्स उघडतच नाहीत किंवा परदेशातून कोणी शिरतो आहे असे समजून व्यवहार अडवतात. पैशाचे काम बाहेरच्या वायफायवर करण्यापेक्षा आपल्याच सिमच्या डेटावर करावे, हा सोपा आणि बिनखर्चाचा उपाय आहे. फोनचे अपडेट वेळेवर घ्यावेत. ॲप फक्त अधिकृत दुकानातूनच घ्यावे. व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे सरकारच्या संचार साथी पोर्टलवर पाहता येते, तेही वर्षातून दोनदा पाहावे.

ज्याला व्हीपीएनची खरी गरज आहे, म्हणजे जो पत्रकार किंवा कार्यकर्ता आहे, किंवा ज्याला वसतिगृहाच्या वायफायवरच सगळे काम करावे लागते, त्याने पैसे मोजून नावाजलेल्या कंपनीचे घ्यावे. ती कंपनी कोणत्या देशातली आहे, मालक कोण आहेत, तिच्या दाव्यांची बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासणी केली आहे का, हे पाहावे. ज्या कंपनीचा पत्ताही सापडत नाही, तिला आपले पत्ते दाखवू नयेत.

एवढे करूनही फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात. जितक्या लवकर कळवाल तितके ते वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ठरवून दिले की आपली चूक नसताना आणि बँकेचीही नसताना तिऱ्हाइताने खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर तोटा पडू नये. ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणून घड्याळाकडे पाहून वागा.

फसलेल्या आईला किंवा आजोबांना घरातल्यांनी टाकून बोलू नये. त्या बोलण्याच्या भीतीनेच माणसे दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात. ज्या घरात म्हातारे माणूस न घाबरता सांगू शकते की बाळा, मला असा फोन आला होता, त्या घराची राखण कोणत्याही ॲपपेक्षा चांगली होते.